मदत हवी आहे: ॲम्प्लिफायरमधून गुंऽऽ आवाज, रविवारच्या आत नीट व्हायला पाहिजे

उदगीरवाला
बाबांचा जुना ॲम्प्लिफायर आहे. चालू केला की थोड्या वेळानं गुंऽऽ आवाज सुरू होतो, वाढतच जातो अन् गाणं मागं पडतं. जळकट वास पण येऊलालाय. इथल्या एका मेकॅनिकनं फिल्टरचा कॅपॅसिटर बदलला, काडीचाही फरक नाही. आता तो म्हणतो ट्रान्सफॉर्मर गेलाय, भंगारात टाका. रविवारी बाबांची पंच्याहत्तरी आहे, त्या दिवशी त्यांच्याच रेकॉर्डी त्यांच्याच मशीनवर वाजवायच्यात. ज्याला नक्की माहीत आहे त्यानं लवकर सांगा.

नांदेड_ऑडिओ
४४४० आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, असणार. तो तापला की असंच करतो. आयसी बदला, हीटसिंकला पेस्ट लावा, अर्ध्या तासाचं काम आहे.

तात्या_परभणी
मॉडेल कोणतं? किती जुना? स्पीकर किती ओहमचा? आवाज कमी-जास्त करायचं बटण शून्यावर नेलं तरी गुं येतो का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

उदगीरवाला
मॉडेलचं नाव पुसलं गेलंय. माझ्या जन्माच्या आधीपासून घरात आहे. बटण शून्यावर असलं तरी गुं तेवढाच. आतले दिवे सगळे लागतात, त्यातला एक जरा जास्तच लाल होतो. बाकी सगळं ठीक आहे.

तात्या_परभणी
दिवे म्हणजे काचेचे व्हॉल्व ना? अहो, हे पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं. आयसीच्या आधीच्या काळी आवाज मोठा करायचं काम हे व्हॉल्व करायचे, आयसीचा विषय इथंच संपला.

आता नीट बघून सांगा. व्हॉल्वच्या मधोमध बारीक केशरी उजेड दिसतो तो हीटरचा, तो असायलाच पाहिजे. पण त्याच्या भोवतीचा करड्या पत्र्याचा डबा, म्हणजे प्लेट, लाल होत असेल तर मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा. काचेवरचे नंबरही सांगा. अक्षर ई आहे की यू, हे महत्त्वाचं. यू असेल तर हीटर सिरीजमध्ये असतात आणि चेसीसवरच, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यावर, थेट मेन्सची लाइट असू शकते, हात लावायचा नाही.

गोदाकाठ
व्हॉल्वचं नाव निघालं आणि जुने दिवस आठवले. आमच्या गावात लाइट नव्हती तेव्हा रेडिओ ९० व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. रेडिओ ठेवायला लायसन लागायचं, त्याची फी पोस्टात भरावी लागे. बातम्यांच्या वेळेला आमच्या ओसरीवर अर्धं गाव जमायचं. हल्लीच्या पोरांना हे सांगूनही पटत नाही.

उदगीरवाला
पत्र्याचा डबाच लाल होतो. आधी कडेला ठिपका पडतो, मग पसरत जातो. त्याच्या शेजारचा व्हॉल्व उलट कोमट वाटतो. नंबर ईएल ८४ दोन, ईसीसी ८३ दोन, ईझेड ८१ एक. सगळ्यांवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप आहे. स्पीकर काढून ठेवून चालू करून बघू का? त्या गुं आवाजानं आई वैतागलीय.

तात्या_परभणी
स्पीकर काढून व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर कधीच चालवायचा नाही! लोड नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज वाटेल तेवढं चढतं, आतलं इन्सुलेशन फुटतं. मग तो खरोखरच भंगारात जाईल.

तुमचा रोग मला कपलिंग कॅपॅसिटरचा दिसतो. आवाज आधी थोडा वाढवणाऱ्या ईसीसी ८३ च्या प्लेटवर दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी असतात. ते स्पीकर चालवणाऱ्या ईएल ८४ च्या ग्रिडवर, म्हणजे करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीच्या २ नंबर पिनवर, पोचू नयेत म्हणून मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. जुने कागदी कॅपॅसिटर ओल धरतात आणि लीक होतात. ग्रिडवर प्लस व्होल्टेज आलं की तो व्हॉल्व भरमसाट करंट ओढतो. ईएल ८४ ची प्लेट १२ वॅट सोसते, तिथं वीस-पंचवीस पडले की ती लाल होणारच. दोघांचा कॅथोडचा, म्हणजे करंट बाहेर पडायच्या वाटेवरचा, रेझिस्टर सामाईक असेल तर त्यावरचं व्होल्टेज चढतं आणि दुसरा व्हॉल्व गार पडतो. तुम्ही म्हणता तसंच.

गुं आवाजही त्यातूनच. पुश-पुलमध्ये, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांवरचे, दोन्ही व्हॉल्व सारखं ओढतात तेव्हा सप्लायचा १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली थरथर, ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांत कटतो. एक बाजू जड झाली की तो कटत नाही आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. म्हणून फिल्टर बदलून फरक पडला नाही.

सोल्डर_गोपाळ
तात्यांशी मी सहमत नाही. एवढ्या जुन्या मशीनमध्ये एकेक शोधत बसायचं कशाला? सगळे कॅपॅसिटर एका दमात बदला, ईएल ८४ ची नवी जोडी टाका, विषय संपला. रशियात आणि स्लोव्हाकियात अजून बनतात, ऑनलाइन मिळतात.

तात्या_परभणी
गोपाळराव, रविवारच्या आत जोडी येणार आहे का? आणि लीक तसाच राहिला तर नवा व्हॉल्वही लाल होईल. आधी मोजा, मग बदला. अंदाजानं बदलूनच त्या मेकॅनिकनं इथवर आणून ठेवलंय.

नांदेड_ऑडिओ
मला वाटतं या लफड्यात पडूच नये. आतलं सगळं काढा, हजार-बाराशेचा ब्लूटूथ बोर्ड बसवा. मी तीन-चार जणांना करून दिलंय, सगळे खूश आहेत. बाहेरून जुनाच दिसतो.

उदगीरवाला
ब्लूटूथ नको. बाबांना ते मशीन वाजायला पाहिजे, डबा नको. तात्या, मोजायचं कसं सांगा. मीटर आहे, मी आयटीआय वायरमन आहे.

तात्या_परभणी
मग अवघड नाही. पण घरातल्या वायरिंगची सवय इथं कामाची नाही. ३०० व्होल्ट डीसी आहे आणि प्लग काढला तरी फिल्टरमध्ये साठून राहतं. उघडायच्या आधी १० के ५ वॅटच्या रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, मीटर लावून शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट मारू नका.

बंद असतानाच मीटरची काळी वायर क्रोकोडाइल क्लिपनं चेसीसला लावा. लाल होणारा ईएल ८४ काढून ठेवा. स्पीकर जोडलेला, आवाज शून्यावर. मग चालू करून रिकाम्या सॉकेटच्या २ नंबर पिनवर डीसी बघा. एकच हात वापरा. शून्य आलं तर व्हॉल्व खराब. प्लस काही आलं तर कॅपॅसिटर. लगेच बंद करा.

ट्रान्सफॉर्मरची शंका असेल तर तीही काढून टाका. दोन्ही ईएल ८४ काढून, सगळं बंद आणि डिस्चार्ज असताना, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून दोन्हीकडच्या प्लेटच्या ७ नंबर पिनपर्यंत ओहम मोजा.

जालन्याचा_बाळू
इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो. आमच्या ३२ इंची एलईडी टीव्हीला आवाज येतो, चित्र नाही. लाइटचा न्यूट्रल तुटला होता त्या दिवशीपासून. तो पण ट्रान्सफॉर्मरच का?

सोल्डर_गोपाळ
बाळूभाऊ, अंधार करा आणि स्क्रीनवर तिरकी बॅटरी मारा. पुसट चित्र दिसलं तर पॅनल चांगला आहे, बॅकलाइट गेलाय. पट्ट्या बदलताना पूर्ण सेट बदलायचा, एकच बदलली की थोड्या दिवसांत शेजारची जाते. पॅनल उचलताना दोघं जण लागा, आडवा वाकला की काच फुटलीच. नंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट कमी ठेवा.

न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. तुमचा सप्लाय वाचला हे नशीब. एरवी आधी फ्यूज, व्हॅरिस्टर आणि ४५० व्होल्टचा मोठा कॅपॅसिटर उडतो.

उदगीरवाला
बाळूभाऊ, तुमचा वेगळा धागा काढा ना, माझं काम अर्धवट आहे.

मोजलं. लाल होणाऱ्याच्या रिकाम्या सॉकेटवर २ नंबर पिनला प्लस १८. दुसऱ्याला जवळपास शून्य. ट्रान्सफॉर्मर एका बाजूनं १४८ ओहम, दुसऱ्या बाजूनं १६१. हा फरक म्हणजे तो गेला का?

तात्या_परभणी
नाही. बाहेरच्या गुंडाळीला तार जास्त लागते, तेवढा फरक असतोच. ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, तो भंगारात द्यायला निघालेल्याला हे जरूर सांगा. कॅपॅसिटर लीक आहे. दोन्ही बाजूंचे बदला, एकच नको. ०.१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्ट, पॉलिएस्टर. अंगावर १०४ लिहिलेलं असतं.

नांदेड_ऑडिओ
हैदराबादला कोठीत गुजराती गल्लीत हमखास मिळेल.

सोल्डर_गोपाळ
त्यापेक्षा पुण्याला पासोड्या विठोबाजवळ मिळेल, तिथं माल खात्रीचा असतो.

तात्या_परभणी
१०४ साठी हैदराबाद कशाला आणि पुणे कशाला! पंखे, मिक्सर, टीव्हीचे पार्ट विकणाऱ्या कुठल्याही दुकानात विचारा. आणि त्या मेकॅनिकनं फिल्टरला किती मायक्रोफॅरडचा घातलाय, तेही बघा.

उदगीरवाला
इथंच मिळाला, उदगीरमध्ये. दोन्ही बदलले. प्लेट आता काळीच राहते. कॅथोडवर सव्वादहा व्होल्ट, रेझिस्टर १३० ओहमचा आहे. गुं गेला! रेकॉर्ड प्लेयर जोडला की बारीक यायचा, प्लेयरची मोकळी सुटलेली अर्थची वायर चेसीसला लावली, तोही गेला. बाबा दुपारपासून समोर खुर्ची टाकून बसलेत.

फिल्टरवर २२० लिहिलंय. राहू द्यावं का?

तात्या_परभणी
राहू देऊ नका. सव्वादहा म्हणजे दोन्ही व्हॉल्व मिळून ७९ मिलिअँपियर, चालेल. पण एसीचं डीसी करणाऱ्या ईझेड ८१ ला पहिला कॅपॅसिटर ५० च्या वर चालत नाही, चालू करताना करंटचा झटका बसून तो मरतो. ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट टाका, आणि काढायच्या आधी पुन्हा डिस्चार्ज. रात्री तुमच्याकडं मेन्स २५० च्या पुढं जात असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर २४० वर आहे का बघा, २२० वर ठेवू नका.