मदत हवी आहे: क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली, नट आवळताना दबणारी नळी) न घालता घेतलेला पिनियनचा ठसा खरा मानायचा का?

मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियल पुन्हा जोडतोय. पिनियनची (क्राउन व्हील या मोठ्या गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरची) दोन्ही बेअरिंग नवीन, पिनियनचं दातेरी हेड आणि त्यामागच्या बेअरिंगमधली शिम (पिनियनची खोली ठरवणारी पातळ चकती) जुनीच. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर ०.१५ मिमी, मॅन्युअलच्या मर्यादेत. पण मार्किंग पेस्टचा ठसा क्राउन व्हीलच्या दातांवर दोन्ही बाजूंनी मुळाशी उमटतोय. म्हणजे पिनियन जास्त आत, शिम पातळ हवी.

क्रश स्लीव्ह एकदा दबली की परत वापरता येत नाही, म्हणून शिम ठरेपर्यंत ती वगळून, नट हलक्या प्रीलोडपुरताच (बेअरिंगवर आधीच दिलेल्या दाबापुरताच) आवळतोय. पूर्ण प्रीलोड दिल्यावर हा ठसा सरकतो का? किती? आणि दरवेळी बेअरिंग प्रेसने काढणं-बसवणं नको म्हणून जुन्या हेड बेअरिंगचं भोक घासून चाचणीला वापरलं, तर नव्या-जुन्याच्या उंचीतला फरक नेमका कुठे मोजायचा?