लोह-ॲल्युमिनाइडमध्ये बोरॉन टाकूनही ठिसूळपणा का राहतो?

उद्यमबागकर:
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी काम करतो. भट्टीतील ट्रेसाठी सुमारे ४० अणुटक्के (अणूंच्या संख्येनुसार टक्के) ॲल्युमिनियम असलेला लोह-ॲल्युमिनाइड, म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू, आम्ही प्रायोगिक स्वरूपात ओतला. बोरॉन नसलेला नमुना तुटल्यावर त्याचे भंगपृष्ठ खडीसाखरेसारखे चकाकत होते, म्हणजे तो कणसीमांवरून (धातूतील स्फटिककणांमधील सीमांवरून) फुटला होता. किंचित बोरॉन घातल्यावर फूट कणांच्या आरपार जाऊ लागली, परंतु इलाँगेशन (तुटण्यापूर्वी नमुना किती टक्के लांबतो ते) जेमतेमच वाढले. निकेल-ॲल्युमिनाइडला बोरॉनचा एवढा गुण येतो, तर येथे का येत नाही? आमच्याकडील पावसाळी दमट हवेचा यात काही वाटा असेल का?

खानापूरचा धातुविद्यार्थी:
वाटा हवेतील बाष्पाचाच आहे, मात्र त्यासाठी पावसाळाच हवा असे नाही. भेगेच्या टोकाशी उघडे पडलेले ॲल्युमिनियम बाष्पातील ऑक्सिजन ओढून घेते आणि मोकळा झालेला अणुरूप हायड्रोजन धातूत शिरून तेथील बंध दुबळे करतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९८९ मध्ये ३६.५ अणुटक्के ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर केलेले काम पाहावे: इलाँगेशन हवेत २.२ टक्के, निर्वातात ५.४ आणि कोरड्या ऑक्सिजनमध्ये १७.६ टक्के मिळाले. निर्वातातही थोडे बाष्प उरतेच, उलट कोरडा ऑक्सिजन हायड्रोजन न सोडता पृष्ठभागावर ऑक्साइड बनवतो, म्हणून तो सरस ठरतो. मला या साऱ्या विषयातील सर्वांत बोलका पुरावा हाच वाटतो.

आता बोरॉनकडे येऊ. निकेल-ॲल्युमिनाइडमध्ये तो कणसीमांवर जमतो, त्या बळकट करतो आणि सीमांवरून होणारा हायड्रोजनचा प्रवासही मंदावतो. तेथे हायड्रोजनची मुख्य वाटच कणसीमा असल्यामुळे ०.१ टक्का बोरॉनही पुरतो, पण ॲल्युमिनियम २५ अणुटक्क्यांहून कमी असेल तरच. आपल्या मिश्रधातूत मात्र सीमा बळकट झाल्या तरी कणाच्या आतील फाटपातळ्या (ज्या पातळ्यांवरून स्फटिक सहज दुभंगतो त्या) हायड्रोजनला खुल्याच राहतात. आपल्याला दिसलेली आरपार फूट तीच आहे.

निपाणीकर:
वरील विवेचनाशी सहमत आहे. खात्री करायची असेल, तर एकाच हीटचे (एकाच वेळी वितळवलेल्या धातूचे) नमुने यूटीएमवर (ताण-चाचणीच्या यंत्रावर) मंद आणि जलद अशा दोन्ही वेगांनी ताणून पाहावेत. हायड्रोजनला आत शिरायला वेळ लागतो, म्हणून जलद चाचणीत इलाँगेशन स्पष्टपणे वाढले तर दोष बाष्पाकडे जातो. चाचणीचा वेग न लिहिता दिलेल्या आकड्यावर मी स्वतः विसंबत नाही.

उद्यमबागकर:
मनःपूर्वक आभार. बोरॉनऐवजी क्रोमियम घातल्यास लाभ होईल का?

खानापूरचा धातुविद्यार्थी:
सुमारे २८ अणुटक्के ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत होतो. तेथे २ ते ६ टक्के क्रोमियमने हवेतील इलाँगेशन ४ टक्क्यांच्या आसपासवरून ८ ते १० टक्क्यांपर्यंत गेलेले आहे आणि त्याचे श्रेय बदललेल्या पृष्ठथराला दिले जाते. ४० टक्क्यांच्या रचनेत तसाच गुण येईल असे गृहीत धरू नये. ट्रेला तेवढे ॲल्युमिनियम खरोखर लागते का, हे आधी तपासावे.