मानेवरच्या करंटनं हात हलतो म्हणे, मग आपल्याकडं मागायचा की नाही?

पऱ्हाटीवाला:
लहान भाऊ तीन वर्षांपूर्वी चिंचेवरून पडला. मानेत सी-६ ला, म्हणजे सहाव्या मणक्यापाशी, मार. मनगट उचलतो, बोटं हलत नाहीत. आता वाचलं की मानेच्या कातडीवर पॅड चिकटवून मज्जारज्जूला करंट देणारं यंत्र निघालंय, एआरसी-ईएक्स. ऑपरेशन नाही. २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ६० जणांचा अहवाल आला. ७२ टक्के लोकांच्या हाताची ताकदही वाढली आणि कामही सुधारलं. त्यात ३४ वर्षांपूर्वीची जुनी दुखापतसुद्धा होती. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-यंत्रं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, परवानगी दिली. आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत हे यावं म्हणून आतापासूनच आमदाराच्या मागं लागलं पाहिजे. ‘आता काही होत नाही’ ऐकून कान किटले.

बाभूळकाटा:
भाऊ, मशीन काऊन मागता? आमच्या तालुक्यात फिजिओवालाच नाही. त्या अभ्यासातल्या लोकायनं आधी दोन महिने नुसता व्यायाम केला, मंग दोन महिने करंटसोबत व्यायाम. खोटा करंट दिलेला गटच नव्हता. मंग कशानं किती फरक पडला, हे छातीठोक कसं सांगता?

पऱ्हाटीवाला:
म्हणजे फिजिओ येईस्तोवर गरिबानं वाट पाहायची? मागितलं नाही तर तोही येत नाही.

फिजिओताई:
दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण माझा कल बाभूळकाटांकडं. करंट हात हलवत नाही. तो पाठीमागून मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदनांच्या नसा चेतवतो, त्यामुळं खालच्या पेशी जाग्या होतात आणि मेंदूचा क्षीण निरोप त्यांना ऐकू येतो. मुळात निरोप पोचत असला पाहिजे. म्हणून पार खालपर्यंत हालचाल वा संवेदना पोचतच नाही अशी पूर्ण, ‘ए’ दर्जाची दुखापत त्या अभ्यासात घेतलीच नव्हती. भावाच्या कागदांवर कोणता दर्जा लिहिलाय ते आधी बघा. आणि बाजारातलं दुखणं कमी करायचं करंटचं मशीन मानेला लावू नका, हात जोडून सांगते.

बाभूळकाटा:
आमच्या काकाले एकानं तसलंच मशीन विकलं होतं. लकव्यावर रामबाण म्हणे. आता कोंबड्याच्या खुराड्यावर पडून हाय.

फिजिओताई:
आज, फुकटात, हे करा. सी-६ वाल्याचं मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात. त्याच पकडीनं ग्लास, चमचा, कापसाचं बोंडसुद्धा धरता येतं. ती पकड घट्ट राहायला बोटांचे स्नायू जरा आखूडच हवेत. बोटं उघडायची तर मनगट खाली वाकवून. मनगट वर असेल तेव्हा बोटं मिटलेली. दोन्ही एकदम कधीच ताणायचं नाही.

पऱ्हाटीवाला:
आई रोज सांजच्याला खोबरेल लावून नेमकं तेच करते. मनगट वर, बोटं ओढून सरळ. आखडू नये म्हणून. आता वाचून दाखवलं तर वाटी बाजूला ठेवून गप्प बसली. तिला काय सांगू?

बाभूळकाटा:
सांगजा, इतके दिवस हात कडक नाही झाला तो तिच्याच तेलानं. आणि मागणीचा कागद करा. मी सही करतो, पण पहिल्या ओळीत फिजिओ लिहा.