शब्दचर्चा : ‘प्राइस गाउजिंग’, वादळानंतरचं पेट्रोल आणि आपले शब्द
(सोलापूरकरांच्या गप्पा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या भागांवरून)

जुळे सोलापूर :
मंडळी, ग्राहक जागृतीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतोय. मजकूर अमेरिकेचा आहे आणि त्यात ‘गॅस प्राइसेस’ व ‘प्राइस गाउजिंग’ (संकटात सापडलेल्यांकडून भरमसाट दर उकळणं) पानोपानी येतात. माझ्याकडे आलेल्या कच्च्या अनुवादातलं पहिलंच वाक्य असं : ‘चक्रीवादळानंतर गॅसच्या किमती वाढल्या व नफेखोरी झाली.’ आईने वाचलं आणि विचारलं, तिकडंपण सिलिंडर महागला का रे? तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात, तेव्हा गॅसचं पेट्रोल केलं की ते मिटेल. दुसऱ्या शब्दाचं काय करू? प्रसंग ऑगस्ट 2017 चा, टेक्सासमधल्या हार्वे चक्रीवादळाचा. तिथल्या महाधिवक्त्याच्या कार्यालयाकडे तक्रारी आल्या होत्या, की पेट्रोल गॅलनला 4 ते 10 डॉलरने आणि पाण्याच्या बाटल्यांचा खोका 99 डॉलरपर्यंत विकताहेत. (त्यांचा गॅलन पावणेचार लिटरच्या आसपास.)

चाटी गल्ली :
नफेखोरीच ठेवा की. वर्षानुवर्षं पेपरात तोच शब्द आहे. ‘साठेबाज आणि नफेखोर’ जोडीनेच फिरतात.

बाळीवेसकर :
जोडीने फिरतात हे खरं, आणि म्हणूनच दोघांचा अर्थ पुसट झालाय. साठेबाज माल दाबून ठेवतो. नफेखोर वाजवीपेक्षा जास्त कमावतो, आणि हे तो बाराही महिने करू शकतो. पूर नको, भूकंप नको. सणाच्या तोंडावर डाळीचे दर चढवणाराही नफेखोर. गाउजिंगमध्ये वेळ महत्त्वाची आहे. समोरचा माणूस आत्ता, या क्षणी, ‘नको’ म्हणू शकत नाही हे ओळखून मागितलेली ती किंमत.

अमेरिकेतले कायदेही याच वेळेला धरून आहेत. कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झाली की ठरावीक वस्तू-सेवांचे दर आधीच्या दरापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाहीत. आपला खर्चच तेवढा वाढला हे विक्रेत्याने दाखवलं तर गोष्ट वेगळी. टेक्सासच्या कायद्यात आकडा नाही, पण आपत्ती जाहीर झालेली असणं तिथेही लागतंच. म्हणजे तोच दर एरवी फक्त महाग आणि वादळात गुन्हा. ‘नफेखोरी’त हा फरक येत नाही.

‘गाउज’ म्हणजे सुताराची गोल धारेची पटाशी, लाकडात खोलगट चर पाडणारी. त्यावरून कुणी ‘दरकोरणी’ वगैरे सुचवायच्या आत सांगतो, नको.

विडी घरकुल :
‘दरकोरणी’ 😂 दात कोरायची काडी वाटाली की ओ.

आमच्याकडं सरळ ‘ब्लॅकने’ म्हणतात. सिलिंडर ब्लॅकने, रेमडेसिविर ब्लॅकने, पूर्वी पिक्चरचं तिकीट ब्लॅकने. सगळ्याला एकच शब्द.

होटगी रोड :
‘ब्लॅक’ इथे बसत नाही. काळाबाजार म्हणायला आधी ठरलेला दर किंवा ठरलेला रस्ता लागतो, आणि तो चुकवून माल मागच्या दाराने जावा लागतो. रेशनचा गहू, सबसिडीचं सिलिंडर, 2021 मधलं रेमडेसिविर. आपल्या राज्याच्या एमपीडीए कायद्याच्या (धोकादायक माणसांना स्थानबद्ध करतात तो) लांबलचक नावातसुद्धा ‘काळाबाजार करणाऱ्या व्यक्ती’ आहेत, नफेखोर नाहीत. टेक्सासचा पंपवाला तर दर मोठ्या फलकावर लावून विकत होता. उघड्यावर.

पुस्तिकेत एक खुलासा मात्र टाकाच, नाहीतर इथल्या वाचकाला काही कळणार नाही. तिकडे फलकावरचा आकडा बऱ्याच ठिकाणी पंपचालक स्वतः ठरवतो. आपल्याकडे तेल कंपन्या ठरवतात आणि 16 जून 2017 पासून तो रोज बदलू शकतो. पंपवाल्याला फक्त कमिशन. त्यामुळे सोलापुरात कितीही मोठा पूर आला तरी पंपावर लिटरला दुप्पट भाव लागणार नाही. पेट्रोल संपेल, रांग लागेल, माप मारतील, ते वेगळं.

विडी घरकुल :
पंपावर नाही लागणार, पण पंपाच्या बाहेर? सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद झाला, तेव्हा आमची गाडी मोहोळच्या अलीकडं अडकली होती. बाटलीतलं पेट्रोल किती म्हणून सांगू? वर विकणारा ऐकवतो, ‘घ्यायचं तर घ्या, नाहीतर पोहत जावा.’ पाण्याच्या बाटलीला छापील किमतीच्या दुप्पट. पाकणीचा पेट्रोलचा डेपो तिथून कितीसा लांब हो! पेट्रोल तिथं होतंच, आमच्यापर्यंत येत नव्हतं एवढंच.

चाटी गल्ली :
याला आमचे आजोबा ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं’ म्हणाले असते.

बाळीवेसकर :
वाक्प्रचार जबरदस्त आहे, पण पेट्रोलला जड होतो. तो शोभतो मदतीचं धान्य गिळणाऱ्याला, मयताच्या नावाने आलेल्या पैशात हात घालणाऱ्याला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या (2005) कलम 53 मध्ये मदतीच्या पैशाचा आणि सामानाचा अपहार हा गुन्हा आहे, तिथे हे लोणी बरोब्बर बसतं. बाटलीवाल्याने कुणाच्या तोंडचं पळवलेलं नाही. त्याने अडलेला माणूस गाठला.

आणि ‘अडलेला’ म्हटल्यावर मराठीचा डबा उघडतोच. अडवणूक, अडीनडीला, अडला हरी, अडल्यानडल्याला. शिवाय नाडणे आणि नागवणे. हे सगळे शब्द घेणाऱ्याच्या बाजूने बोलतात. ‘नफेखोरी’त गिऱ्हाईक दिसतच नाही, दुकानदार आणि त्याचा गल्ला तेवढा दिसतो. ‘व्यापाऱ्यांनी पूरग्रस्तांना नाडलं’ म्हणा, दोन्ही माणसं समोर उभी राहतात. मला तर गाउजिंगला ‘नाडणे’ इतकं जवळचं दुसरं काही सापडत नाही.

जुळे सोलापूर :
‘पिळवणूक’ का नाही? सगळ्यांना कळते.

बाळीवेसकर :
पिळवणूक सावकाश होते. विडी कामगार बायकांची पिळवणूक म्हणतो, यंत्रमागावरच्या मजुरांची म्हणतो. तिथे वर्षानुवर्षांचा संबंध असतो. बाटलीवाला आणि तुम्ही परत भेटणार नाही. भेटणार नाही म्हणूनच तो तसं मागतो, हेही खरं.

होटगी रोड :
‘अडवणूक’ला माझी हरकत आहे. तलाठी दाखला देत नाही तीही अडवणूकच, आणि तिथे दराचा प्रश्नच नसतो. (म्हणजे असतो, पण फलकावर नसतो.) एकटा शब्द ठेवला तर वाचकाला कचेरी आठवेल. दर, भाव, दाम, काहीतरी बरोबर हवं.

दुसरं असं, की प्रत्येक वाढीला हा शब्द लावू नका. ऑगस्ट 2005 च्या कॅटरिना वादळात आखाती किनाऱ्यावरचे तेलशुद्धीकरण कारखाने बंद पडले, वीज गेल्याने मोठ्या पाइपलाइनी थांबल्या. वादळ लुइझियाना-मिसिसिपीत आणि पेट्रोल महागलं पार जॉर्जियापर्यंत. देशाची सरासरी गॅलनला 3 डॉलरवर गेली. लोक म्हणाले लुटालूट चाललीय. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (बाजारातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) चौकशी करून 2006 मध्ये अहवाल दिला : काही विक्रेत्यांचे दर आपल्या खर्चाच्या मानाने जास्त होते, पण त्यातल्या बहुतेकांचं स्पष्टीकरण स्थानिक बाजारात मिळतं आणि बेकायदा संगनमताचा पुरावा नाही. तेव्हा जिथे माल खरंच तुटला तिथे ‘भाव कडाडले’ किंवा नुसतं ‘भाववाढ’ लिहा. नाहीतर सगळेच पंपवाले चोर ठरतात.

चाटी गल्ली :
हे बाकी पटलं. व्यापाऱ्याला मालच चढ्या भावाने आला तर तो काय गाठचं घालणार?

विडी घरकुल :
गाठचं घालू नका ओ, पण जुना माल जुन्याच भावाला विका की. ताडपत्री गोदामात दिवाळीपासून पडलेली, आणि पाऊस लागल्याबरोबर भाव डबल. तिला कुठलं वादळ लागलं होतं?

चाटी गल्ली :
उद्या ती परत भरायची तर नव्या भावानेच भरावी लागते. हे धंदा केल्याशिवाय कळत नाही.

बाळीवेसकर :
इथे दोघांचंही ऐकावं लागेल, आणि कायद्यालाही ते दर वेळी सुटत नाही. मार्च 2020 मध्ये केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्यात (1955) आणले आणि मग दरच बांधून दिले : तीन पदरी मास्क 10 रुपये, 200 मिलीची सॅनिटायझरची बाटली 100 रुपये. जुना माल, नवा माल हा वादच उरला नाही. आपली पद्धत ही अशी, वस्तू यादीत घालायची आणि भाव बांधायचा. वेळ बघून जादा मागणं हाच गुन्हा, अशी रचना नाही. म्हणून कायद्याच्या मराठीतही त्याला आयता शब्द मिळत नाही.

उलट दिशेचं मात्र बोलीत नाव आहे. दुष्काळात चारा संपला की शेतकरी जनावरं बाजारात आणतो आणि घेणारा ‘पाडून मागतो’. तीही अडीनडच, फक्त इथे नडलेला माणूस विकणारा.

जुळे सोलापूर :
तर मग मी असं करतो. शीर्षकात : ‘वादळात ग्राहकांना नाडणारे दर’. मजकुरात पहिल्यांदा ‘अडीनडीचा फायदा घेऊन लावलेले अवाच्या सवा दर’, पुढे गरजेप्रमाणे ‘नाडणे’. कॅटरिनाच्या परिच्छेदात फक्त ‘भाववाढ’. गॅस जिथे तिथे पेट्रोल. नफेखोरी एकदाच, साठ्याच्या संदर्भात.

होटगी रोड :
चालेल. ‘अवाच्या सवा’ सरकारी पुस्तिकेत जाईल का बघा, कुणीतरी त्याचं ‘अवाजवी’ करणारच.

विडी घरकुल :
करू द्या. ‘नाडणे’ला हात लावला तर सांगा.