बदामीचा लाल दगड: सँडस्टोन की जांभा?

भटक्या_सोलापूर: नमस्कार मंडळी, नुकताच बदामीला जाऊन आलो. वेरूळ-अजिंठ्याचा काळा पाषाण बघायची सवय, त्यामुळे तो लालसर कडा बघूनच थक्क झालो. गाइड सँडस्टोन म्हणाला पण सोबतचा मित्र शेवटपर्यंत जांभाच म्हणत होता. ओळखायचं कसं? आणि कड्यात थर तर आडवे सपाट, पण काही थरांच्या आत बारीक तिरप्या रेघा आहेत. जमीन वाकल्यामुळे होतं का असं?

दगडधोंडे: वालुकाश्मच (म्हणजे सँडस्टोन) आहे तो, जांभा अजिबात नाही. ताज्या फुटलेल्या बाजूवर बोट फिरवलं की सँडपेपरसारखं लागतं, आणि भिंगातून कण वेगवेगळे दिसतात, 2 मिमीच्या आतले, बहुतेक गारगोटीचे. जांभा भोकाभोकांचा असतो कारण मूळ खडक पावसापाण्याने कुजून तो जागच्या जागी तयार होतो. रंगावर जाऊ नका, दोन्हीकडे लाली लोहाच्या ऑक्साइडचीच.

नदीकाठ: रेघांचं सांगतो, माझा सगळ्यात आवडता विषय! वाकल्या असत्या तर वरचे खालचे थरही वाकले असते ना. नदीच्या तळाशी वाळूचे उंचवटे सरकत असतात, कण प्रवाहाबरोबर चढावरून वर जातात आणि पलीकडच्या उतारावर घसरून पडतात, त्या प्रत्येक उताराची एक तिरपी रेघ. याला क्रॉस बेडिंग म्हणतात. रेघा ज्या बाजूला उतरतात तिकडे पाणी वाहत होतं. नीट बघा, रेघांची वरची टोकं कापल्यासारखी दिसतील, कारण नंतरच्या प्रवाहाने वरची वाळू खरवडून नेली.

भटक्या_सोलापूर: भारीच! फोटो झूम करून पाहिले, वरची टोकं खरंच कापलेली आहेत. पण सुटी वाळू इतकी घट्ट चिकटते कशी?

दगडधोंडे: वर गाळ साचत गेला की दाबाने कण जवळ येतात, मग फटींतून झिरपणारं पाणी सिलिका, चुना नाहीतर लोह मागे सोडतं, तेच सिमेंट. चुन्याचं असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या थेंबाने फसफसतं, सिलिकाचं असेल तर काही होत नाही. पण हे असले प्रयोग रस्त्याकडेच्या दगडावर करा, लेण्यांच्या दगडाला ओरखडासुद्धा नको. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इ.स. 578 चा आहे, तो याच दगडावर टिकलाय. आणि महाराष्ट्रातच वालुकाश्म बघायचा असेल तर विदर्भात या, नागपूरजवळच्या कामठीच्या नावाने तर वालुकाश्मांचा अख्खा गटच ओळखला जातो.