लेबर रूममधल्या सिस्टर: तुमचे अनुभव लिहा

५ मे हा सुईणींचा आंतरराष्ट्रीय दिवस आणि १२ मे परिचारिकांचा. दोन्ही दिवशी शुभेच्छा फिरतात, मीही पुढे पाठवते. पण माझं बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांचं नाव मला आजही तोंडपाठ आहे आणि रात्रभर माझ्यापाशी थांबलेल्या सिस्टरांचं नाव मी विचारलंसुद्धा नाही. ही खंत जात नाही, म्हणून हा धागा. विनंती एकच, 'सिस्टर खूप चांगल्या होत्या' एवढ्यावर थांबू नका. त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती, त्यामुळे कळा पोटात कमी आणि कमरेत जास्त. उताणं पडलं की जीव जायचा. सिस्टरांनी मला हातागुडघ्यांवर ओणवं केलं आणि प्रत्येक कळेला माकडहाडाच्या वर तळहाताने दाबून धरलं. मधूनमधून बाळाचे ठोके ऐकायच्या, तक्त्यावर टिंब मांडायच्या आणि परत यायच्या. पहाटे मला जोर आवरेना, पण पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं नव्हतं. दहा सेंटिमीटर व्हायच्या आधी जोर लावला तर तोंडाला सूज येते, हे त्यांनी दोन कळांच्या मधल्या वेळात मला समजावून सांगितलं, आणि मग माझ्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून म्हणाल्या, "माझ्याबरोबर फुंकर मार. मेणबत्ती विझवल्यासारखी. हं, अजून एक." तो अर्धा तास त्या माझ्याबरोबर फुंकर मारत होत्या. त्यांचेही ओठ कोरडे पडले असतील, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

---

माझं सिझर, तेही घाईत ठरलेलं. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देताना पाठ बाहेर काढून वाकून बसायचं आणि हलायचं नाही. मी थरथरत होते. सिस्टर समोर उभ्या राहिल्या, माझं कपाळ स्वतःच्या खांद्यावर टेकवून घेतलं आणि दोन्ही खांदे घट्ट धरले. नंतर पडद्याच्या अलीकडे, माझ्या डोक्याशी बसून सांगत राहिल्या: आता ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही, आता छातीवर दाब येईल, आता बाळ बाहेर. काय होणार ते आधी कळलं की भीती निम्मी होते.

---

मी बाबा म्हणून लिहितोय. मुलगी झाली, वार पडली, सगळे हसत होते. डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाईकडे गेले. सिस्टर मात्र दर थोड्या वेळाने येऊन बायकोच्या बेंबीपाशी हात ठेवून बघत होत्या. मला वाटलं, उगाच त्रास देताहेत. तिसऱ्यांदा हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. पिशवी चेंडूसारखी घट्ट लागायला हवी, ती मऊ लागत होती. चादर बाजूला केली तर खाली रक्त साचलेलं. एका हाताने पोट चोळत त्यांनी डॉक्टरांना हाक मारली, दुसरीला इंजेक्शन भरायला सांगितलं, आणि मला शांतपणे म्हणाल्या, "बाळाला घ्या आणि तिथे खुर्चीवर बसा." बायको ओरडत होती, पोट चोळणं फार दुखतं म्हणे. त्यांनी हात थांबवला नाही. पिशवी आवळली गेली नाही तर वार सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. माझी बायको आज आहे ती त्या तिसऱ्यांदा ठेवलेल्या हातामुळे.

---

पहिल्या वेळी मला लेबर रूममध्ये ओरडा बसला होता. 'गप्प राहा' हेच सगळ्यात जास्त ऐकलं. तेही इथे लिहायला हवं, कारण त्यामुळेच दुसऱ्या वेळच्या सिस्टर मला देवमाणूस वाटल्या. आतून तपासण्याआधी त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, "आता तपासू का? कळ जाऊ दे, मग तपासते." बस, एवढंच. आठवलं तरी डोळे भरतात.

---

धाग्यात हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

आमचं बाळ पोटातच गेलं होतं. तरी कळा सोसायच्याच होत्या. सिस्टरांनी खोलीचं दार लावून ठेवलं, बाहेरच्या बाळांचं रडणं कमी ऐकू यावं म्हणून. बाळ झाल्यावर विचारलं, "हातात घ्यायचंय?" मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. तासाभराने परत विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं. त्यांनी त्याला पुसून, दुपट्यात गुंडाळून आणलं होतं, डोकं सांभाळून, जिवंत बाळाला आणतात तसं. "नाव ठरवलं होतं का?" असंही विचारलं आणि मग त्याच नावाने बोलल्या. त्याचं नाव आमच्याशिवाय फक्त त्यांनी घेतलंय. पावलांचे ठसे कागदावर घेऊन दिले. तो कागद माझ्याकडे आहे.

---

छोटीशी गोष्ट. टाक्यांमुळे लघवीला जायची भीती वाटत होती. सिस्टर म्हणाल्या, कोमट पाणी वरून ओतत राहा, आग होणार नाही. आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या.

---

मी स्वतः लेबर रूममध्ये काम करते. सगळं वाचलं, बाळ पोटातच गेलेल्या आईचं दोनदा. बाळ बाहेर आल्यावर रडेपर्यंतचे काही सेकंद आमच्यासाठी फार मोठे असतात. पुसायचं, पाठ चोळायची, श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटातच मास्कने हवा द्यायची. ते करताना आईकडे बघायला सवड नसते, म्हणून आम्ही बोलत राहतो, तिला आवाज तरी ऐकू यावा.

आम्हाला चेहरे आठवत नाहीत, खोटं कशाला सांगू. एका रात्रीत चार-पाच बाळंतपणं होतात. पण कुणी घरी जाताना नाव विचारलं आणि दोन ओळी कागदावर लिहून मेट्रनकडे दिल्या, तर तो कागद आम्ही जपून ठेवतो. माझ्याकडे असे तीन आहेत.