पीटीकॅसचा (अमेरिकेतल्या फिजिओथेरपी प्रवेशाच्या अर्ज-पोर्टलचा) निबंध: ४,५०० कॅरेक्टरमध्ये काय बसवायचं (गंगापूर रोड, सोसायटी ग्रुप)

ए-३०२ देशपांडे काकू: नमस्कार मंडळी. ईशा अमेरिकेत बीएस संपवतेय, सध्या सुट्टीत घरी आहे. फिजिओथेरपीच्या डीपीटीला (तिथली डॉक्टरेट पदवी) अर्ज करायचाय. एसओपी (अर्जासोबतचा निबंध) लिहून झाली, पण बाराशे शब्द झालेत. चालेल का? फाइल टाकलीये.

बी-५०१ अमित आहेर: नाही बसणार काकू. पीटीकॅसवर ४,५०० कॅरेक्टर, स्पेससकट. म्हणजे साधारण सातशे शब्द. वर्डमध्ये शब्द नका मोजू, ‘कॅरेक्टर्स विथ स्पेसेस’चा आकडा बघा.

सी-१०४ डॉ. सोनवणे (फिजिओ): ईशा, आधी यंदाचा प्रश्न फॉर्म उघडून वाच. सिनियरचा नमुना समोर ठेवून लिहिलं की प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, असं होतं.

आता फाइलबद्दल. पहिला परिच्छेद सगळा काढ. ‘लहानपणापासून लोकांची सेवा’ हे नर्सिंगलाही चालतं, डेंटिस्टलाही. आजोबांच्या गुडघा रिप्लेसमेंटचं ठेव, पण त्यांच्या दुखण्यावर आठ ओळी आणि थेरपिस्टवर एक, हे उलटं कर. थेरपिस्टनं गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावला, पाय सरळ होताना शेवटचे काही अंश राहतायत हे पाहिलं आणि वाकवण्याच्या व्यायामाआधी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करायला घेतला. हे तू लिहिलंयस, पण का केलं ते नाही. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस लंगडतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहताना मांडीचा स्नायू सतत काम करून दमतो. ही एक ओळ घाल. क्लिनिकमध्ये नुसतं उभं राहून निरीक्षणाचे तास भरले नाहीत हे त्यातूनच दिसतं.

देशपांडे काकू: इथल्या क्लिनिकमधले तास धरतात का?

डॉ. सोनवणे: कॉलेजवर आहे. काही ठिकाणी अमेरिकेतल्या लायसन्सधारक थेरपिस्टच्या हाताखालचेच तास धरतात. प्रत्येक कॉलेजच्या पानावर बघा. निबंधात मात्र इथला अनुभव खुशाल घाला, फक्त पेशंटचं नाव नको. ‘सीबीएस बसस्टँडजवळचे साठीचे रिटायर्ड सर, डावा खांदा’ असंही नको. नाशकात एवढ्यावर माणूस ओळखतात!

बी-५०१ अमित आहेर: अजून थोडं. निबंध साध्या टेक्स्टमध्ये जातो, बोल्ड-इटॅलिक उडतं, टॅब उडतो. वर्डमधून थेट पेस्ट केलं तर वळलेली अवतरणचिन्हं आणि लांब डॅश कधी कधी बिघडतात. आधी नोटपॅडमध्ये टाका, परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडा, मग फॉर्ममध्ये प्रिव्ह्यू बघा. सबमिट केल्यावर बदलता येत नाही. आणि एकच निबंध सगळ्या कॉलेजांना जातो, त्यात एकाचं नाव घातलं की बाकीच्यांसमोर पंचाईत. कॉलेजांचे स्वतःचे प्रश्न वेगळे असतात, ‘तुमचंच कॉलेज का’ ते तिथे लिहायचं.

डी-२०३ बोरसे काका (सेक्रेटरी): एवढा खटाटोप कशाला? चॅटजीपीटीला सांगा.

बी-५०१ अमित आहेर: काका, अर्ज भरताना ‘हे माझंच लिखाण’ असं प्रमाणित करावं लागतं. शिवाय कागदावर गुळगुळीत इंग्रजी आणि मुलाखतीत त्याच टॉवेलबद्दल विचारलं की गप्प.

डी-२०३ बोरसे काका: बरं. नातवाला बारावीनंतर यूकेला बीएस्सी फिजिओ करायचंय. त्यालाही हेच?

बी-५०१ अमित आहेर: नाही, तिथे यूकॅस, म्हणजे यूकेतल्या कॉलेजांच्या अर्जांचं पोर्टल. २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत: हा कोर्स का, अभ्यासानं काय तयारी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४,००० कॅरेक्टर, प्रत्येकाला किमान ३५०.

ए-३०२ देशपांडे काकू (दुसऱ्या दिवशी): ईशानं नवीन फाइल टाकलीये. ४,६२० झालेत. थर्ड सेममधल्या कमी मार्कांचा परिच्छेद काढू म्हणतेय.

डॉ. सोनवणे: तो काढू नकोस, दोन ओळींवर आण: काय झालं, नंतर काय बदललं. रडगाणं नको. आणि शेवटचं ‘आपण संधी दिलीत तर मी ऋणी राहीन’ उडव, उरलेले जादा कॅरेक्टर तिथेच निघतील.